रंगाचं पाणी पांढरं झालं म्हणजे स्वच्छ झालं का? कापड रंगाईतलं सांडपाणी, मीठ आणि गाळ

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहतो. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत, म्हणजे आमच्या बोलीत प्रोसेस हाऊसमध्ये, बरीच वर्षं काम केलंय. दुसऱ्या एका धाग्यावर तळोज्याच्या निळ्या कुत्र्यांचा विषय निघाला, तेव्हा सविस्तर लिहायचं ठरवलं.

२०१७ साली कासाडी नदीच्या परिसरात कुत्री निळी दिसली, २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा खूप ओरड झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्यातून लोकांच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला: रंग दिसला तर प्रदूषण, रंग दिसला नाही तर सगळं ठीक. कारखान्यांनीही तोच हिशोब उचलला. बाहेर जाणारं पाणी पांढरं दिसलं की तक्रार येत नाही. मग ते पांढरं करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे शेवटच्या टाकीत हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ओतायचं. रंगाचा रेणू तुटतो, डोळ्याला काही दिसत नाही. पण तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात, त्यांत क्लोरीन जोडलं गेलेली संयुगं तयार होऊ शकतात आणि ती मूळ रंगापेक्षा जास्त त्रासदायक असू शकतात.

मीठ तर कशानेच जात नाही. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देताना रंग पाण्यातून धाग्यावर ढकलण्यासाठी मीठ घालावं लागतं. गडद छटेला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम. सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या बंद यंत्रात, एक टन कापडाला सहा हजार लिटर पाणी धरा, लिटरमागे ७० ग्रॅम मीठ धरा. एका खेपेला ४२० किलो मीठ झालं. ते कापडाला चिकटून राहत नाही, जवळपास सगळं सांडपाण्यात येतं. रंगाचंही तसंच: रंगाच्या जातीप्रमाणे आणि छटेप्रमाणे १० ते ४० टक्के रंग कापडाला न लागता पाण्यात उरतो.

आता ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, काय होतं? चुना, फेरस (लोखंडाचा क्षार), तुरटी घालून रंग आणि गढूळपणा खाली बसतो. हवेच्या टाकीत जिवाणू स्टार्च, साबण वगैरे खातात, त्यामुळे बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खाल्ला जातो तो आकडा, उतरतो. मिठाला यातलं काहीही हात लावत नाही. वरणात मीठ जास्त पडलं तर ते गाळून काढता येत नाही, तसंच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कापड रंगाईचा कचरा पाइपाच्या टोकाला सुटत नाही, रंगाच्या टाकीपाशीच सुटतो. यावर इथल्या लोकांचे अनुभव वाचायला आवडतील.

मंजिष्ठा

दादा, चांगला विषय काढलात. ठाण्यात माझं लहानसं काम आहे: ठसेछपाई आणि नैसर्गिक रंग. हरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, नीळ. आम्ही वापरतो ते सगळं झाडाचं, मग पाणी सरळ मोरीत सोडलं तर चालेल, असं आमच्यातले बरेच जण धरून चालतात. मला आता शंका येतेय. तुरटीचं पाणी, लोखंडाच्या काळ्या रंगाचं पाणी, यांचं काय करावं? एवढ्याशा कामाला ईटीपी परवडणार नाही.

भिवंडीकर

मिठाचं बरोबर, पण सुरुवात त्याच्याही आधी होते. आमच्याकडे माग चालवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावतात, सायझिंग. ते कापड प्रोसेसला गेलं की पहिलं काम खळ धुऊन काढायचं. स्टार्चची खळ असेल तर तेवढ्या एका धुलाईत पाण्याचा बीओडी प्रचंड वाढतो. रंगाचं नाव निघतं, खळीचं कोणी काढत नाही.

दुसरं म्हणजे सायझिंगचे बॉयलर. लाकूड महाग, म्हणून काही ठिकाणी चिंध्या आणि प्लास्टिक जाळतात. आजच्या चिंध्यांत पॉलिस्टर असतं. सकाळी पाचला घराबाहेर पडलं की घसा धरतो. पाण्याच्या धाग्यात धुराचं लिहितोय, पण तोही याच धंद्याचा कचरा आहे.

खाडीकाठ (धागाकर्ता)

भिवंडीकर, पूर्ण सहमत. सुती कापडाच्या प्रोसेसमधला साधारण निम्मा बीओडी खळ काढण्यातून येतो असं आमच्या धंद्यात मानलं जातं. स्टार्च जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे तो निदान ईटीपीत उतरतो. पीव्हीएची, म्हणजे कृत्रिम पॉलिमरची, खळ जिवाणूंना जड जाते, पण ती गाळून परत वापरता येते. अडचण अशी की खळ लावणारा भिवंडीत, धुणारा दुसरीकडे. वाचलेल्या खळीचा फायदा त्याला मिळत नाही. माग, सायझिंग आणि प्रोसेस एकाच मालकाचं असलेल्या गिरणीतच ते जमतं.

मंजिष्ठाताई, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रंग झाडाचा असला तरी तो पक्का करणारं द्रव्य झाडाचं नसतं. तुरटी आणि लोखंड त्यातल्या त्यात सौम्य. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि त्याहून वाईट म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट, हे दोन्ही कामातून काढूनच टाका. डायक्रोमेटमधलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याने येणारी छटा कितीही सुंदर असो, तुमच्या हातांना आणि गटाराला ते परवडणारं नाही.

तुरटीचं पाणी एका खेपेनंतर फेकू नका. त्यात पुरेशी तुरटी उरलेली असते. कमी पडेल तेवढी घालून पुढची खेप करा. फेकायची वेळ आली की थोडा चुना घालून रात्रभर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढता येतं. लोखंडाचं पाणीही याच पद्धतीने. तो गाळ ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत घालू नका, सुकवून वेगळा ठेवा. नीळ असेल तर उरलेल्या पाण्यात हवा खेळू द्या. नीळ पुन्हा निळी होऊन तळाला बसते आणि ती परत वापरता येते.

मोरीचं पाणी कुठे जातं हे मात्र आधी तपासा. मलनिःसारण वाहिनीत गेलं तर ते महापालिकेच्या प्रक्रिया केंद्रात पोचतं. अंगणातल्या, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतलंत तर वाटेत कुठेही प्रक्रिया नाही. नवी मुंबईत ती गटारं होल्डिंग पॉण्डमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांत, आणि तिथून खाडीत जातात. ठाण्यात नाल्यातून सरळ खाडीत. दिसायला दोन्ही जाळ्या सारख्याच, पण शेवट वेगळा.

मंजिष्ठा

आमच्याकडे मागच्या दाराची जाळी पावसाळी गटाराचीच आहे. उद्यापासून बादल्या आत न्यायच्या. मोरचूद मी वापरत नाही, पण ओळखीच्या दोघी हिरव्या छटेसाठी वापरतात. त्यांना हा धागा पाठवते.

स्वातीआनंद

वाचतेय. पुढचं लिहा.

दिवागावचा

मी कोळी. आमचं गाव ऐरोलीलाच, खाडीला लागून. वडिलांच्या वेळेला जिताडा, बोय, कोलंबी, चिंबोरी सगळं गावाच्या समोर मिळायचं. आता जाळ्यात प्लास्टिक जास्त.

मला एक विचारायचंय. खाडीचं पाणी मुळातच खारट. मग मिठाचं तुम्ही एवढं का लावून धरलंय? आमचा मासा मिठाने मरत नाही. पाण्याला वास येतो, फेस येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात, तेव्हा मरतो.

खाडीकाठ (धागाकर्ता)

दादा, तुमचं निरीक्षण अचूक आहे. मासे वर येऊन तोंड उघडतात ते पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. खाडीपुरतं बोलायचं तर मिठापेक्षा बीओडी, सीओडी (रसायनांसकट सगळ्या घाणीला लागणारा ऑक्सिजन), अमोनिया आणि विषारी अंश जास्त घातक. कायदाही हा फरक मानतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने कापड उद्योगाच्या सांडपाण्याची मानकं बदलली. बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, रंग १५० एकक, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २,१००. त्यातली टीडीएसची अट योग्य सागरी नलिकेतून समुद्रात सोडणाऱ्यांना लागू नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. आपल्या जिल्ह्यातली सगळीच प्रोसेस हाऊस खाडीकाठी नाहीत. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, भिवंडी इथलं पाणी आधी वालधुनी, उल्हास, कामवारी यांच्या गोड्या किंवा निमखाऱ्या पट्ट्यात पडतं. तिथे मीठ म्हणजे थेट शेतीचं आणि विहिरींचं नुकसान.

दुसरं असं की मीठ नदीत पोचण्याआधीच कारखान्यात घात करतं. खारटपणात चढ-उतार झाला की हवेच्या टाकीतले जिवाणू दगावतात आणि मग तुमच्या माशाचा ऑक्सिजन खाणारं पाणी बाहेर पडतं. शिवाय पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं म्हटलं तर मिठापाशीच अडतं. आरओ लावला तरी मीठ नाहीसं होत नाही, रिजेक्टमध्ये, म्हणजे मागे उरलेल्या पाण्यात, दाट होऊन बसतं.

ठाण्याच्या खाडीची आणखी एक अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. ठाण्याकडचं टोक अरुंद आणि गाळाने भरलेलं. तिथे पडलेली घाण एका ओहोटीत समुद्राला जात नाही, भरतीबरोबर परत वर येते.

दिवागावचा

हो. वरच्या टोकाला सोडलेलं पाणी आमच्या समोरून दिवसातून दोनदा वरखाली फिरतं. वासावरून कळतं. ही खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. पक्षी बघायला माणसं बोटीने येतात त्याचा आनंद आहे. पण पक्षी ज्या चिखलात चोच घालतो त्याच चिखलात आमची चिंबोरी. चिखलात काय बसलंय ते कोण बघतं?

ईटीपीवाला

चिखलावरून मी बोलतो, कारण गाळ हेच माझं काम. टेक्स्टाइलच्या ईटीपीवर शिफ्ट करतो.

धागाकर्त्याने सांगितलं की फेरस-चुना घातला की रंग खाली बसतो. बसतो म्हणजे नाहीसा होत नाही, गाळात जातो. पाण्याचा रिपोर्ट जेवढा चांगला, तेवढा गाळाचा ढीग मोठा. फिल्टर प्रेसमधून निघालेली वडी हाताला कोरडी लागते, पण तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हा गाळ घातक कचरा आहे, अनुसूची एकमध्ये ३५.३ क्रमांकाला. आपल्याकडचा तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जातो. तिथे पैसे वजनावर. म्हणजे गाळातल्या पाण्याचेही पैसे आणि त्याच्या गाडीभाड्याचेही. इथूनच चोरटेपणा सुरू होतो. गाळ ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे. पैसे वाचवायला तो शेडच्या मागे साठत जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात अर्धा वाहून जातो. खाडीच्या चिखलात काय बसलंय असं दादांनी विचारलं, त्यातलं थोडं हे असतं.

उपाय आहे. सगळं पाणी आल्या आल्या फेरस-चुन्याने मारायची सवय मोडायची. आधी टाक्यांत पाणी एकसारखं करून घ्यायचं, मग जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं आणि राहिलेल्या रंगापुरतंच रसायन शेवटी घालायचं. गाळ बराच कमी होतो. गाळ वाळवायला छपराखालचं बेड हवं, बॉयलरची वाया जाणारी उष्णता वापरता आली तर फारच उत्तम. आणि प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे फॉर्म १०, भरूनच पाठवायचा. तो कागद म्हणजे गाळ खरंच तळोज्याला पोचल्याचा एकमेव पुरावा.

शिफ्टवरच्या माणसांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून सांगतो. सल्फर रंगाचं पाणी आणि आम्लाचं पाणी एका टाकीत आलं तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. टाकीत उतरलेला माणूस वर येत नाही. रंगखात्याने काय सोडलंय ते ईटीपीला फोन करून सांगायचं, एवढी शिस्त पाळली तरी जीव वाचतात.

घणसोलीकर

या गाळाच्या विटा करता येतात असं वाचलं होतं. सिमेंट कंपन्याही घेतात म्हणे. मग पुरायचा कशाला?

ईटीपीवाला

सिमेंटच्या भट्टीत जाळणं, म्हणजे को-प्रोसेसिंग, हा मान्य मार्ग आहे. तिथे तापमान १,४०० अंशांच्या पुढे जातं आणि राखही सिमेंटमध्येच बांधली जाते. पण भट्टी वाटेल तो गाळ घेत नाही. त्यांना कोरडा, उष्णांक असलेला आणि क्लोराइड कमी असलेला हवा. मिठाचा प्रश्न इथेही आडवा येतो.

विटांचं मात्र सांभाळून. त्याच २०१६ च्या नियमांतल्या नियम ९ प्रमाणे घातक कचरा असा वापरायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ठरवलेली कार्यपद्धती आणि राज्य मंडळाची परवानगी लागते. कोणाच्या तरी शेडमध्ये गाळ मातीत मिसळून वीट पाडली तर धातू पावसात हळूहळू बाहेर येतात. ती वीट कोणाच्या घराच्या भिंतीला लागेल ते सांगता येत नाही. माझा त्याला विरोध आहे.

स्वातीआनंद

मग कारखान्यांनी नेमकं करायचं काय? शून्य विसर्ग, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, असा सक्तीचा केला तर?

खाडीकाठ (धागाकर्ता)

स्वातीताई, याचं मोठं उदाहरण तमिळनाडूत तिरुपूरला आहे. नोय्यल नदी रंगाई कारखान्यांच्या पाण्याने नासली, जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले आणि नंतर शून्य विसर्गाच्या अटीवरच ते उघडले. तिथे पाणी आरओमधून काढून पुन्हा वापरतात, उरलेल्या दाट खाऱ्या पाण्यातून मीठ परत मिळवतात. जमतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पण पाणी आटवायला वीज आणि वाफ प्रचंड लागते. सरसकट सक्ती केली तर लहान युनिट रात्री नाल्यात सोडायला लागतील अशी मला खरी भीती वाटते.

म्हणून मी रंगाच्या टाकीपाशी येतो. मागावर विणलेल्या सुती कापडाला कोल्ड पॅड बॅच ही पद्धत जुनी आणि सिद्ध आहे. रंग आणि अल्कलीच्या द्रावणातून कापड काढून पिळायचं, रोल करायचा, वर प्लास्टिक गुंडाळून रात्रभर फिरत ठेवायचा. मीठ शून्य, वाफ शून्य, रंग कापडाला जास्त चिकटतो, त्यामुळे धुलाईही कमी. होजिअरीच्या गोल कापडाला ती अवघड जाते आणि पॉलिस्टरला लागूच नाही. पॉलिस्टरला मिठाची गरजच नसते, त्याचे प्रश्न वेगळे.

जिथे मीठ लागणारच, तिथे पाणी वेगळं ठेवा. रंगाची पहिली टाकी हा एकूण पाण्याचा लहान भाग असतो, पण बहुतेक मीठ त्यातच. ती वेगळ्या नळीने काढली तर बाकीचं धुण्याचं पाणी साध्या प्रक्रियेने पुन्हा वापरता येतं. आपल्याकडे मात्र सगळं एकाच गटारात ओततात आणि मग लाखो लिटर खारट पाण्यावर उपाय शोधत बसतात. साधं मीठ आणि ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) आलटून पालटून वापरू नका, एकच ठरवा. मिसळलेलं मीठ परत मिळवलं तरी कोणी घेत नाही.

मर्सराइजचं, म्हणजे सुती कापडाला चमक आणायच्या प्रक्रियेतलं, कॉस्टिकही (तीव्र अल्कली) असंच. धुण्यातलं फिकं कॉस्टिक आटवून परत वापरलं तर खर्च भरून निघतो, आणि ईटीपीत तेच मारायला लागणारं आम्लही वाचतं. यासाठी मालकाला पर्यावरणाचं प्रेम असावं लागत नाही, वही नीट लिहिलेली असली तरी पुरे.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीला २०-२० दशलक्ष लिटरची तृतीय स्तर प्रक्रिया केंद्रं उभारली आहेत, टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, उद्योगांना शुद्ध केलेलं सांडपाणी देण्यासाठी. पिण्याचं पाणी कापडाला वापरायचे दिवस संपायला हवेत.

सानपाड्याची स्मिता

कोरड्या कचऱ्याचं मी सांगते. आमच्या सोसायटीत जुन्या कपड्यांची वेगळी पेटी आहे. महापालिकेचं कापड पुनर्प्राप्ती केंद्र बेलापूरला आहे, तिथे बायकांचे गट कपडे निवडतात, दुरुस्त करतात, पिशव्या, पायपुसणी वगैरे शिवतात. मी जाऊन पाहिलंय. वेगळं काढताना सगळ्यात जास्त त्रास मिश्र कापडाचा होतो. शुद्ध सुती असेल तर पुढे मार्ग आहे, पॉलिस्टर-सुती-लायक्रा असं एकत्र असेल तर ते कशातच बसत नाही. ओले, बुरशी आलेले कपडे तर कृपया टाकूच नका, ते बाकीचा गठ्ठाही खराब करतात.

भिवंडीकर

स्मिताताई, कारखान्यातली कतरण त्यामानाने सोपी, कारण एकाच जातीची असते. रंगाप्रमाणे निवडलेली कतरण पानिपतला जाते, तिथे पिंजून सूत होतं. रंगाप्रमाणे निवडली की ते सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, म्हणजे धागाकर्त्याचं मीठही वाचलं. जमिनीवर झाडून एकत्र केली की तिचा भाव जातो आणि ती बॉयलरमध्ये जाते. कटिंग टेबलापाशी चार गोण्या टांगल्या तरी बराच धूर कमी होईल.

घणसोलीकर

आम्हा रहिवाशांना नाल्यात रंगीत किंवा फेसाळ पाणी दिसलं तर काय करायचं? बाटलीत भरून लॅबला द्यायचं का?

निवृत्त_प्रयोगशाळा

बाटली भरून लॅबला दिलीत तर तुम्हाला माहिती मिळेल, पण कारखान्याविरुद्ध ती न्यायालयात टिकणार नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखानदाराला सूचना देऊन, नमुन्याचे भाग करून, सील करून घेतलेला नमुनाच पुरावा धरतात. त्यामुळे तुमचं काम म्हणजे अधिकारी लवकर पोचेल असं करणं. वेळ दिसेल असा फोटो, नाल्याचं नेमकं ठिकाण, वास, किती वाजता सुरू झालं आणि कधी थांबलं, हे लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे, कल्याण किंवा नवी मुंबई प्रादेशिक कार्यालयाला कळवा. एकदा नाही, प्रत्येक वेळी. आठवड्यातले ठरावीक वार आणि रात्रीची ठरावीक वेळ निघाली की धाड कधी घालायची ते त्यांना कळतं.

दुसरं, कारखान्यांची संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात रोज किती घनमीटर सांडपाण्याची परवानगी आहे, ते कुठे सोडायचं आहे आणि किती गाळ अपेक्षित आहे, हे लिहिलेलं असतं. ईटीपीवाल्यांनी मॅनिफेस्टचं सांगितलं ते इथे जोडा. एखादा कारखाना वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेने चालतोय आणि गाळ जवळपास दाखवतच नाही, तर त्याची प्रक्रिया चालत नाही किंवा गाळ दुसरीकडे जातोय. माहिती अधिकारात विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

दिवागावचा

हे उपयोगी. आमच्या सोसायटीच्या, म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या, बैठकीत वाचून दाखवतो. तो खिशातला टीडीएस मीटर मिळतो तो घेऊन ठेवू का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

दादा, खाडीत त्याचा उपयोग नाही. समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, त्यात कारखान्याचं मीठ वेगळं ओळखता येणार नाही. भरती पोचत नाही अशा वरच्या नाल्यात मात्र तो चांगला काम करतो: पाणी स्वच्छ दिसतंय आणि आकडा एकदम काही हजारांवर गेला, तर वर कोणीतरी टाकी सोडली आहे. तुमच्यासाठी विरघळलेल्या ऑक्सिजनचं साधं रासायनिक किट जास्त कामाचं. ओहोटीच्या शेवटी आणि पहाटे, दोन्ही वेळा बघा, कारण पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. निवृत्त_प्रयोगशाळा, किट वापरायचं कसं ते सोसायटीच्या बैठकीत येऊन दाखवाल का? मी ऐरोलीहून बरोबर येतो.

निवृत्त_प्रयोगशाळा

येतो. ओहोटीची वेळ बघून वार कळवा.